आईनं पाहिलेलं फ्रँकफर्ट

नव्वदच्या दशकात अमेरिकेत, वॉशिंग्टनजवळच्या हर्नडनला राहणाऱ्या आमच्या मराठी मंडळींपैकी जवळजवळ प्रत्येकानं फ्रँकफर्ट पाहिलं होतं, आणि खरं म्हणजे कोणीच पाहिलं नव्हतं. मुंबईला जाता-येताना विमान तिथे बदलावं लागे. काही तास बाकावर बसायचं, मुलांना टॉयलेटला न्यायचं, एक महागडी कॉफी दोघांत प्यायची आणि पुढच्या विमानात चढायचं. एवढ्या भांडवलावर त्या विमानतळाविषयी प्रत्येकाचं ठाम मत होतं. ज्यांच्याकडे अमेरिकन पासपोर्ट होता त्यांना बाहेर पडता येई, त्यामुळे त्यांची शहराविषयीही मतं होती.

ही मतं महिन्यातल्या एका रविवारी ऐकायला मिळत. आमची काही घरं बुद्धवंदनेसाठी आळीपाळीनं एकेकाच्या बेसमेंटमध्ये जमायची. वंदना झाली, कोणीतरी थोडा वेळ बोललं, की वर जेवण. ज्यानं त्यानं एकेक पदार्थ आणलेला असे. भात वाढेपर्यंत व्हिसाची आणि शाळांची बोलणी चालत, आणि मग कोणीतरी भारतात जाऊन आलेला असला की फ्रँकफर्ट निघालंच.

आमच्यातला एक डॉक्टर म्हणे, जगात इतका शिस्तीचा विमानतळ दुसरा नाही.

"शिस्त कसली?" त्याची बायको म्हणायची. "चालून चालून टाचा गेल्या माझ्या. दोन्ही पोरं कोणाच्या कडेवर होती ते विचारा त्याला."

नुकताच पुण्याहून आलेला, कॉम्प्युटरवाला एक मुलगा होता. त्याचं म्हणणं वेगळं. "एकदम बोअर आहे यार. जिकडे जाल तिकडे सिगारेटचा वास. सँडविच घ्यायला गेलो तर आत काय घातलंय तेच कळेना. शेवटी उपाशी बसलो."

आम्ही सगळेच जिला मावशी म्हणायचो, तिची तक्रार होती की तिथली माणसं हसत नाहीत.

"मावशी, पहाटे सहाला तुम्ही तरी हसता का?" डॉक्टरनं विचारलं.

"मी हसत नाही, पण मी पगार घेत नाही हसायचा."

शहर पाहिलेल्यांत एक इंजिनिअर होता. बायकोला घेऊन तो काही तासांसाठी बाहेर जाऊन आला होता. "नुसत्या बँका आहेत," तो सांगायचा. "काचेच्या उंच इमारती. पाहण्यासारखं काही नाही."

"जुना चौक होता की," बायको म्हणायची. "पण तू पाहू दिलास का? सारखं आपलं, चल, विमान सुटेल, चल."

ऐकून ऐकून माझ्या एक लक्षात आलं होतं. ज्याची मुलं रडली नाहीत त्याला विमानतळ आवडलेला असे, आणि ज्यांचं भांडण झालं त्यांना शहर आवडलेलं नसे. मी स्वतःही तिथून बऱ्याचदा गेले होते. टॉयलेट स्वच्छ होती आणि पाट्या वाचता येत होत्या. विमानतळाकडून मी याहून जास्त काही मागत नाही.

त्या वर्षी मात्र मला मतं नको होती, माहिती हवी होती. माझी आई नागपूरहून एकटी यायची होती.

वडील गेल्यापासून मी तिला बोलावत होते. ती दर वेळी काहीतरी कारण काढायची. पेन्शनचं काम आहे, कूलर दुरुस्तीला दिलाय, नातीची परीक्षा आहे. एकदा खरं कारण बोलून गेली. "तिथं येऊन मी काय करू? तुझ्या सोफ्यावर बसून राहू?" ती सरकारी दवाखान्यात सिस्टर होती आणि रिटायर होताना अख्खा वॉर्ड तिच्या हाताखाली होता. बसून राहायची तिला सवय नव्हती आणि भीतीही तेवढीच होती. त्या हिवाळ्यात मात्र तिनंच फोनवर सांगितलं, उन्हाळ्यात येते म्हणून. मी लगेच तिकीट काढलं. तिचं ठरलं की ठरलं, पण एकदा मोडलं की तेही कायमचं, हे मला माहीत होतं.

आता आमच्याकडची एक पद्धत सांगायला हवी. अमेरिकेत राहणारी आम्ही मुलं आईवडिलांचं तिकीट काढताना व्हीलचेअर लिहून टाकायचो. पाय धड असोत नाहीतर नसोत. कारण खुर्चीबरोबर ती ढकलणारा माणूस यायचा, आणि त्या माणसाला रस्ता माहीत असायचा. मग पाट्या वाचायला नकोत, इंग्रजी बोलायला नको, रांगेतसुद्धा पुढे. घरी रोज पहाटे तळ्याला फेरी मारून येणारे, गॅसचं सिलिंडर एका हातानं सरकवणारे आजी-आजोबा विमानतळावर मांडीवर हँडबॅग घेऊन खुर्चीत बसलेले दिसायचे. याला आमच्यात कोणी खोटेपणा म्हणत नसे. सोय म्हणत. मीही तेच केलं. खरं तर मी काही केलंच नाही. न्यू जर्सीतल्या आयसेलिनच्या ओक ट्री रोडवरचा गुजराती ट्रॅव्हल एजंट फोनवर आपणहून म्हणाला, "व्हीलचेअर तो मैंने डाल ही दी है, बेन."

रविवारी सकाळी मी आईला फोन केला.

"काळजी करू नको. फ्रँकफर्टला माणूस येईल, खुर्चीत बसवून तुला पुढच्या विमानापर्यंत नेईल."

त्या काळी भारतात फोन लावला की स्वतःचंच बोलणं मागून ऐकू यायचं. ते विरल्यावर तिनं विचारलं.

"कोणाला बसवेल?"

"तुला."

"काऊन? मला काय झालं?"

"काही नाही झालं गं. सगळेच घेतात. सोय असते ती."

"मी जन्मभर माणसं बसवली त्या खुर्चीत," आई म्हणाली. "कोणाला बसवायचं आणि कोणाला चालवायचं, ते मला तू शिकवून राहिली का?"

मी समजावत गेले, ती ऐकत गेली. शेवटी म्हणाली, "खुर्ची रद्द कर, नाहीतर तिकीट रद्द कर. कोणतं करते ते सांग मला," आणि फोन ठेवला.

दोन दिवसांनी दादाचा फोन आला. तो तिच्याच मागच्या गल्लीत राहायचा. "तिनं बॅग धुऊन पुसून ठेवली होती. आज मला म्हणते, परत माळ्यावर टाक. काय बोललीस तू तिला?"

मी सांगितलं.

"खुर्ची काढू नको हं," दादा म्हणाला. "मी समजावतो तिला. हरवली तिथं, तर शोधायला कोण जाणार? तू का मी?"

त्याचंही चूक नव्हतं. त्याला ती हरवायला नको होती, मला ती यायला हवी होती, आणि तिला पायांवर यायचं होतं. नवरा म्हणाला, थोडे दिवस जाऊ दे. त्याचा प्रत्येक गोष्टीवर हाच उपाय असतो आणि तो पुष्कळदा चालतो, पण तिकिटाची तारीख थांबणार नव्हती.

पुढच्या वंदनेच्या रविवारी मी जेवण वाढून घेतलं आणि सरळ विचारलं, "मुंबईच्या विमानातून उतरल्यावर वॉशिंग्टनच्या विमानाकडे चालत कसं जायचं, ते मला कोणीतरी नीट सांगा."

डॉक्टर म्हणाला, खाली उतरायचं, लांब बोगदा लागतो, त्यातून सरळ. इंजिनिअर म्हणाला, बोगदा कसला, वरून छोटी ट्रेन जाते. पुण्याच्या मुलाला बसमध्ये बसवलं होतं. डॉक्टरनं कागदी प्लेटच्या मागे पेननं नकाशा काढला. त्याच्या बायकोनं प्लेट हातात घेतली आणि उलटी करून परत दिली. "असं होतं. तू झोपेत होतास."

सगळे खरं सांगत होते. प्रत्येक जण वेगळ्या वेळी वेगळ्या दारातून उतरला होता आणि आपण गेलो तोच रस्ता, असं समजून होता. त्यांच्या भरवशावर मी मांजरालाही पाठवलं नसतं.

कोपऱ्यातल्या खुर्चीत एक काका जेवत होते. आमच्यातल्याच एकाचे वडील, बँकेतून रिटायर झालेले. दर वर्षी उन्हाळ्यात मुलाकडे यायचे. ते म्हणाले, "मला कोणी विचारलं नाही. मी तर सगळ्यांपेक्षा जास्त वेळा गेलोय."

"सांगा ना काका."

"फ्रँकफर्टचं छत फार चांगलं आहे."

सगळे हसले. काकाही हसले, पण पुढे बोलत राहिले. "खुर्चीत बसलं की छत दिसतं. समोर बघितलं तर लोकांचे पट्टे आणि पर्सेस. पासपोर्ट, तिकीट त्या पोराच्या खिशात. तो आपल्याला सगळ्यांच्या आधी नेतो आणि एका खांबाजवळ ओळीत उभं करून दुसऱ्याला आणायला जातो. मग बसायचं. सगळ्याच विमानतळांवर तसंच असतं, त्यांचाही इलाज नाही."

"पण तुम्हाला इंग्रजी येतं की, काका," मी म्हटलं.

"येतं ना. मी जन्मभर इंग्रजीत पत्रव्यवहार केला. पण खुर्चीत बसलेल्या माणसाला कोणी काही विचारत नाही. ढकलणाऱ्याला विचारतात. ह्यांना पाणी हवंय का, ह्यांना थंडी वाजतेय का. वाईट नाही हं वागवत. फार चांगलं वागवतात, लहान मुलाला वागवतात तसं." त्यांनी भातावर वरण घेतलं. "मागच्या खेपेला बाथरूमला जायचं होतं. मी दोनदा प्लीज म्हटलं. तो पोरगा हसला आणि इंग्रजीत म्हणाला, सून, सून. मग मी विमानात बसेपर्यंत थांबलो."

त्यांचा मुलगा शेजारीच उभा होता. "बाबा, तुम्ही कधी बोलला नाहीत."

"तू कधी विचारलं नाहीस. तू विचारतोस, सेफ पोचलात ना. सेफ पोचतोच मी."

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत मी एजंटला फोन करून खुर्ची काढायला लावली.

"बेन, फ्री है वो."

"मालूम है. निकाल दो."

"मम्मी को कुछ हुआ तो फिर मेरे को मत बोलना."

आईला कळवलं तेव्हा तिनं आनंद वगैरे काही दाखवला नाही. "बरं," म्हणाली, आणि लगेच, "आता तिथं काय काय करायचं ते सांग." मी सांगितलं. लोकांच्या मागे जायचं नाही, लोक कुठेही जातात. टीव्हीसारखा पडदा दिसेल त्यावर आपल्या विमानाचा नंबर शोधायचा, समोर एक अक्षर आणि आकडा असेल, तेच अक्षर पाट्यांवर बघत जायचं.

"म्हणजे वॉर्ड आणि बेड नंबर," आई म्हणाली.

"हो, तसंच."

तिचं इंग्रजीही वॉर्डातलंच होतं. प्लीज वेट, स्टँड हिअर, व्हेअर इज पेन. त्यात एक विमानतळ सहज निभेल असं मला वाटलं. बाकीच्यांना वाटलं नाही. मावशीनं मला बाजूला घेतलं. "तुझं तू जाण, बाई. पण मी माझ्या आईचं असं केलं नसतं." दादानं तिला बूट घेऊन दिले आणि मला बजावलं की जे काही होईल ते माझ्या माथी.

शुक्रवार होता. दुपारी आम्ही नवराबायको वॉशिंग्टनच्या डलस विमानतळावर गेलो. बारा वर्षांची लेक घरी होती, फोनपाशी. विमान वेळेवर उतरल्याचं बोर्डावर दिसलं. सरकत्या दारातून पहिल्यांदा खुर्च्या आल्या, नेहमीसारख्या एकामागोमाग. रेशमी साड्या, त्यावर स्वेटर, पायात पांढरे बूट. मग सूटकेसवाले, मग पोरंबाळंवाले, मग विमानाचा स्टाफ. मग दार उघडेनासं झालं.

खुर्चीतल्या एक आजी आपल्या मुलाची वाट बघत तिथेच थांबल्या होत्या आणि मराठी बोलत होत्या. मी त्यांना विचारलं, उंच, केस पांढरे, करड्या साडीतली बाई पाहिलीत का.

"बूट घातलेली? चालत येणारी?" त्या म्हणाल्या. "मुंबईहून आमच्याच विमानात होत्या ना. पण वाटेत वादळ लागलं, विमानाला फार उशीर झाला. आम्हाला त्या बॅटरीच्या गाडीत घालून पळवत नेलं. त्या मागे राहिल्या, बाई. त्यांना खुर्ची नव्हती."

नवरा काउंटरवर गेला. तिथे एवढंच कळलं की ती या विमानात बसलेली नाही. कुठे आहे, ते त्यांना उद्यापर्यंत सांगता येणार नव्हतं. मी पर्समधून पार्किंगचं तिकीट शोधत होते. ते सापडलं तरी शोधत होते. मग पब्लिक फोनवरून घरी फोन लावला.

"मम्मी, आजी कॉल्ड," लेक म्हणाली.

"कधी? काय म्हणाली?"

"तुम्ही गेल्यावर लगेच. शी मिस्ड द फ्लाइट. शी इज इन अ हॉटेल. शी इज फाइन."

"हॉटेलचा नंबर घेतलास का?"

"शी डिडन्ट गिव्ह मी अ चान्स. म्हणाली, मम्मीला सांग, उद्याच्या विमानानं येते, जेव आणि झोप. अँड देन शी वेन्ट फॉर अ वॉक."

"वॉकला? कुठे?"

"आउटसाइड, आय गेस."

त्या रात्री फोन वाजत राहिला, पण आईचा एकदाही नाही. दादा म्हणाला, मी सांगितलं होतं. मावशी म्हणाली, मी काही बोलत नाही, आणि बराच वेळ बोलली. मी दोघांनाही हो म्हटलं. दोघांचंही बरोबर होतं. खुर्ची असती तर ती या क्षणी माझ्या घरी चहा पीत असती. त्या शहराचं मला माहीत होतं ते एवढंच: काचेच्या बँका. त्यांच्या मधून ती एकटी कुठे चालत असेल, हे मला डोळ्यांपुढे आणता येईना. नवऱ्यानं सांगितलं म्हणून जेवले. झोप मात्र आली नाही.

शनिवारी आम्ही तिघं गेलो. परत आधी खुर्च्या. नंतर, पहिल्या लोंढ्यातच, आई ट्रॉली ढकलत आली. केस नीट विंचरलेले, साडीला इस्त्री केल्यासारखी घडी. मला बघून तिनं पहिल्यांदा माझ्या डोळ्यांखाली पाहिलं.

"झोपली नाहीस. मी निरोप दिला होता ना?"

"दिला मी," लेक म्हणाली. "शी नेव्हर लिसन्स."

गाडीत बसल्यावर आईनं सगळं क्रमवार सांगितलं, ड्युटी बदलताना पुढच्या सिस्टरला सांगतात तसं. विमान उशिरा उतरलं. पडद्यावर नंबर सापडला. अक्षरही सापडलं. म्हाताऱ्यांची गाडी शेजारून भुर्रकन गेली, त्यांनी हात हलवला, हिनंही हलवला. तपासणीची रांग मोठी होती. ही पोचली तेव्हा दार बंद झालेलं. "तिथली मुलगी सारखी सॉरी म्हणून राहिली. मी म्हटलं, प्लीज सिट, नो प्रॉब्लेम." मग बरेच जण मागे राहिलेत असं दिसलं. विमान कंपनीनं सगळ्यांचे कागद केले, एका दिवसापुरतं बाहेर पडायची परवानगी दिली आणि बसनं शहरातल्या हॉटेलात नेलं. खोलीत दुलई होती, भरपूर गरम पाणी होतं. अंघोळ करून ही खिडकीशी आली तर संध्याकाळचे सात वाजलेले, तरी लख्ख ऊन.

"मग मी म्हटलं, आता इथं बसून काय करू?"

तिनं हॉटेलचं कार्ड घेतलं, पत्ता ब्लाऊजमध्ये ठेवला आणि एक नियम केला. सरळ जायचं, वळायचं नाही. वळलं नाही म्हणजे हरवायचं काम नाही, नुसतं मागे फिरायचं.

"सरळ रस्त्यावर आधी स्टेशन लागलं. तिथं पायऱ्यांवर नशेतली पोरं. हात पाहिले की कळते. अठरा-वीस वर्षांची असतील. ते काही चांगलं नाही वाटलं. पुढं ट्राम. मग तुमच्या त्या बँका. एवढ्या काही उंच नाहीत. मग रस्ता संपला आणि नदी आली."

"मग परत फिरलीस?"

"काऊन? नदीवर पूल होता ना, समोरच. लोखंडी. गाड्याच नाहीत त्यावर, फक्त चालणारे. पलीकडे झाडं, बाकं. मी चिवडा काढला. एक म्हातारी येऊन बसली, माझ्याहून मोठीच, कुत्रा घेऊन. माझी साडी बोटांत धरून पाहिली तिनं. मी तिचा गुडघा पाहिला, सुजला होता. बर्फ लाव म्हटलं. आइस, आइस. तिला वाटलं आइस्क्रीम. तिनं उठून दोन कोन आणले."

लेक हसून हसून सीटवर आडवी झाली. मी आरशात आईकडे पाहिलं. ती बाहेर बघत होती, व्हर्जिनियातली झाडं आणि गवत.

"तिथं माझ्या वयाच्या बाया एकट्याच फिरतात," ती म्हणाली. "सायकलवरसुद्धा. कोणी विचारत नाही, सोबत कोण आहे म्हणून."

पुढच्या वंदनेला तिला घेऊन गेले. तोवर तिची गोष्ट घरोघर पोचली होती, आणि फ्रँकफर्टमध्ये खरोखर मुक्काम केलेली ती एकटीच निघाली.

"पण काकू, खुर्ची घेतली असती तर वेळेवर आला असता," डॉक्टर म्हणाला.

"हो. आले असते."

"मग?"

"मग काय? मला कुठं नाइट ड्युटीवर हजर व्हायचं होतं?"

इंजिनिअरनं विचारलं, "शहरात बघण्यासारखं काही नाही ना, काकू? नुसत्या बँका."

"तुम्ही पूल ओलांडला का?"

"नाही, तेवढा वेळ नव्हता."

"मग बँकाच दिसणार," आई म्हणाली. इंजिनिअरच्या बायकोनं नवऱ्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

काका आपली प्लेट ठेवून तिच्यापुढे येऊन उभे राहिले. "बाई, तुम्ही दवाखान्यातल्या. खरं सांगा. मी चालू शकेन का? मलाही खुर्ची नको आता."

सगळ्यांनी मान वळवली. पुण्याच्या मुलानं तर टाळीसुद्धा वाजवली. मला वाटलं, आता ती नक्की हो म्हणणार.

"तो जिना चढून दाखवा," आईनं बेसमेंटकडे बोट केलं. "खाली जा आणि वर या. घाई नको."

काका गेले आणि वर आले. अर्ध्यावर कठड्याला धरून थांबले, श्वास घेतला, मग उरलेल्या पायऱ्या चढले. आईनं त्यांची नाडी धरली, गुडघा दाबून पाहिला.

"तुम्ही खुर्ची घ्या," ती म्हणाली.

काकांचा चेहरा उतरला. त्यांचा मुलगा सुटल्यासारखा दिसला.

"ऐका," आई म्हणाली. "पाय नाहीत तर खुर्ची घ्यायची, त्यात लाज नाही. पण पासपोर्ट आपल्या खिशात ठेवायचा, त्या पोराच्या नाही. आणि बाथरूमला जायचं असेल तर प्लीज म्हणायचं नाही. स्टॉप म्हणायचं. माझे पेशंट ओरडायचे तेव्हाच मी थांबायचे, नाहीतर मलाही पुढचा पेशंट होता."

"स्टॉप," काका म्हणाले.

"मोठ्यानं."

"स्टॉप."

खालून, बेसमेंटमधून, कोणीतरी विचारलं, काय झालं म्हणून.

आई थंडी पडेपर्यंत राहिली. सोफ्यावर ती फारशी बसली नाही. रोज सकाळी घरातून निघायची, सरळ जायची आणि तशीच परत यायची. हर्नडनमध्ये सरळ रस्ते कमी, म्हणून पुढे पुढे तिनं एक वळण घ्यायला परवानगी दिली स्वतःला. परत जाताना तिच्या विमानाला फ्रँकफर्टला जेमतेम दोन तास होते, आणि तिनं ते विमानतळाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालण्यात घालवले. नागपूरहून फोन आला तेव्हा मी तिला विमानतळ कसा वाटला ते विचारलं.

"मोठा आहे. स्वच्छ आहे. ट्रेनही आहे आणि बोगदाही आहे," ती म्हणाली. "तुझी माणसं उगाच भांडतात." मग म्हणाली, "पुढच्या मे महिन्याचं तिकीट आत्ताच पाहून ठेव. आणि मधला मुक्काम मोठा असेल असं बघ. त्या शहराचा व्हिसा कसा मिळतो, ते मी दादाला विचारायला लावलंय."

मी आयसेलिनला फोन लावला. एजंटला वाटलं, त्याला नीट ऐकू आलं नाही.

"बेन, सब लोग कम टाइम माँगते हैं."

"मालूम है," मी म्हटलं. "हमको ज्यादा चाहिए."